साडूभाऊंची बिनलढाईची फौज

एकाही माणसाच्या नखाला धक्का न लावता अख्खं जर्मन सैन्य वर्षानुवर्षं सांभाळणारा सेनानी जगात एकच होऊन गेला, आणि तो नात्याने माझा साडू लागतो. इतिहासाला त्याचा पत्ता नाही याचं कारण साधं आहे. हे सैन्य इतिहासात नव्हतंच. ते एश्बॉर्नमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सोफ्याच्या मागच्या भिंतीवर होतं. पांढऱ्या मोठ्या कागदांवर रंगीत पेनांनी काढलेले चौकोन, चौकोनांखाली आणखी चौकोन, त्यांच्याखाली त्यांची पिल्लं. आणि कुठल्याही चौकोनावर बोट ठेवलंत तरी त्यातली माणसं आज सकाळी काय जेवली, हे साडूभाऊ न अडखळता सांगत.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो ते लग्न होऊन जर्मनीत आल्यावर, या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या एका हिवाळ्यात. आमच्या हिची थोरली बहीण, म्हणजे ताई, त्यांना दिलेली. आम्ही हॅनोव्हरहून गाडीने दमूनभागून पोचलो, बूट काढले, आणि नव्या जावयाला विचारतात तसं प्रवास कसा झाला, थंडी सोसते का, असं काही विचारतील म्हणून मी उत्तरं जुळवत होतो. साडूभाऊंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हॅनोव्हर? वा! म्हणजे तुम्ही दहाव्या कोअरच्या हद्दीत राहता. जागा चांगली आहे. घोड्यांना पाणी मुबलक." मी हिच्याकडे पाहिलं. ही जमिनीकडे बघत होती. लग्नाआधी तिने मला सासरची, माहेरची, शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी माहिती दिली होती. साडूभाऊंची तेवढी गाळली होती.

पोटापाण्यासाठी साडूभाऊ फ्रँकफुर्टजवळच्या त्या ऑफिसांच्या गावात कन्सल्टंट होते. मोठाल्या कंपन्यांत जायचं, कुठलं खातं कुणाच्या हाताखाली असावं याचे चौकोन काढून द्यायचे, आणि दोन वर्षांनी नवा साहेब आला की तेच चौकोन उलटे टांगून यायचं, असं त्या नोकरीचं स्वरूप होतं. दिवसभर चौकोन काढून घरी आलेला माणूस संध्याकाळी टीव्ही बघतो, बायकोवर चिडतो, फार तर भाजी चिरतो. साडूभाऊ आणखी चौकोन काढत. इंटरनेटवर 'असं झालं असतं तर' असा खेळ खेळणारी मंडळी असतात, त्यातल्या पाचसात जणांच्या एका फोरमवर ते होते. या मंडळींच्या जगात पहिलं महायुद्ध झालंच नव्हतं. म्हणून दुसरंही नाही, आणि त्या दोहोंच्या पोटात जे जे काळं घडलं तेही नाही. राजा गादीवर, बँड बागेत, आणि सैन्य छावण्यांत. फोरमवरच्या प्रत्येकाकडे राज्याचं एकेक खातं होतं. साडूभाऊंकडे सैन्याची रचना होती, म्हणजे एका डिव्हिजनमध्ये किती रेजिमेंट, किती तोफा, किती गाड्या, किती घोडे, हे ठरवणं. नागपूरच्या इंदोऱ्यातला एक मुलगा जर्मन बादशहाच्या फौजेची मांडणी करतो आहे आणि सहा जर्मन ती मुकाट्याने मान्य करताहेत, याची मौज मला आजही वाटते.

त्यांची युद्धनीती मात्र अगदीच घरगुती होती. "अहो, डिव्हिजन म्हणजे काय वाटतं तुम्हाला?" पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं. "तोफा? बंदुका? आल्झो, म्हणजे असं बघा, डिव्हिजन म्हणजे सतराअठरा हजार माणसं सकाळी उठतात आणि त्यांना भूक लागते. बाकी सगळं त्याच्यानंतर." त्यामुळे त्यांच्या तक्त्यात तोफखान्याचा चौकोन सुपारीएवढा आणि पाव भाजणाऱ्या तुकडीचा चौकोन पुरणपोळीएवढा असे. मी भीतभीत विचारलं, "पण मग लढाई कधी?" साडूभाऊंचा चेहरा, एखाद्याने लग्नघरात वर्षश्राद्धाची तारीख विचारावी तसा झाला. "लढाई कशाला? लढाई झाली की माणसं मरतात. मग अख्खा तक्ता परत काढावा लागतो." समोरच्या भिंतीवर तथागतांची मोठी तसबीर होती, डोळे अर्धे मिटलेली. तिच्याकडे बोट दाखवून ताई म्हणाल्या, "त्यांची नजर आहे फौजेवर, म्हणून बरं चाललंय. नाहीतर आमचं हे ध्यान केव्हाच कुणावर तरी चाल करून गेलं असतं." हे ध्यान पार्किंगच्या जागेवरूनही कधी कुणाशी भांडलेलं नव्हतं.

जे कागदावर लिहायचं ते आधी करून बघायचं, हा त्यांचा दंडक. सैनिकांच्या पावाचं पीठ आंबायला नेमका किती वेळ लागतो हे पुस्तकात सापडेना, तेव्हा त्यांनी राईच्या पिठाचा एक प्रचंड गोळा स्वयंपाकघरात आंबत ठेवला. तो गोळा तीन दिवस घरात पाहुण्यासारखा राहिला आणि त्याच्या वासाने खरे पाहुणे, म्हणजे आम्ही, एक दिवस आधी निघायच्या विचारात पडलो. शेवटी भाजलेला पाव हिने कापायला घेतला तर सुरीचा दांडा हातात आला आणि पातं पावात राहिलं. साडूभाऊ खूष. "गेनाऊ! असाच पाहिजे. हा पाव पावसात भिजत नाही." दुसऱ्या एका रविवारी त्यांनी मैत्रेयीला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, घोडे दाखवायला नेतो म्हणून तबेल्यावर नेलं. पोरगी घोड्यावर बसायला मिळणार म्हणून नवे बूट घालून गेली. वडिलांनी तिला गवताच्या पेंढीपाशी उभं केलं आणि एक घोडा एका खेपेला किती खातो यावर लक्ष ठेवायला सांगितलं. ती तेव्हा लहान होती, म्हणून तिने लक्ष ठेवलं.

आमच्या मंडळींच्या बुद्ध पौर्णिमेचा किस्सा तर अजून फ्रँकफुर्टमध्ये सांगतात. कार्यक्रमाच्या व्यवस्थेची बैठक झाली आणि कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं, की तुम्हाला मांडणीची सवय आहे, तुम्हीच बघा. साडूभाऊंनी पाहिलं. हॉलवर जाणाऱ्या माणसांच्या तुकड्या पाडल्या: सतरंज्या आणि माईकवाले पुढे, मग आयाबाया आणि मुलं, मग भाषण करणारे. आणि रसद नेहमी सगळ्यांच्या मागे, कारण पुढचा रस्ता मोकळा असल्याची खात्री झाल्याशिवाय अन्न हलवायचं नाही, हा सगळ्या सैन्यांचा नियम. रसद म्हणजे खिरीचं मोठं पातेलं आणि ते धरून बसलेले साडूभाऊ स्वतः. ते पातेल्यासह स्टेशनवर बाकड्यावर बसले आणि 'रस्ता मोकळा आहे' असा निरोप येण्याची वाट बघू लागले. निरोप कुणी द्यायचा हे तक्त्यात लिहिलेलं होतं. ज्याने द्यायचा त्याने तक्ता वाचला नव्हता. वंदना झाली, भाषणं झाली, लहान मुलांचे नाच झाले, एस-बानच्या कितीतरी गाड्या साडूभाऊंच्या समोरून गेल्या, आणि हे हुकमाचे ताबेदार जागचे हलले नाहीत. अखेर ताई स्वतः स्टेशनवर आल्या. त्या काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, पण खीर धावत आली.

या सगळ्याचं हसू आम्हाला येई. मैत्रेयीला मोठी होताहोता येईनासं झालं. जर्मनीत शाळेत जाणाऱ्या मुलीच्या घरात, सोफ्याच्या मागे, जर्मन सैन्याच्या डिव्हिजन टांगलेल्या असणं ही काय चीज आहे, हे इंदोऱ्यात वाढलेल्या बापाला कळत नव्हतं आणि तिला पुरेपूर कळत होतं. मैत्रिणींना ती घरी आणत नसे. एकदा लेना नावाच्या तिच्या मैत्रिणीची आई, मुलीची शाळेत विसरलेली आणि मैत्रेयीने घरी आणलेली छत्री न्यायला अचानक दारात आली. ताईंनी त्यांना बसायला बोलावलं. बाईंची नजर भिंतीवर गेली आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. मैत्रेयी आतल्या खोलीत पळाली. साडूभाऊ मात्र गिऱ्हाईक आल्यासारखे पुढे सरसावले आणि सांगू लागले, की या जगात लढाई झालेली नाही, एकही नाही, हे सगळे जिवंत आहेत. बाई तक्त्याजवळ गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझे आजोबाही?" साडूभाऊंनी गाव विचारलं. बाईंनी नाव सांगितलं, कासेलच्या बाजूचं कुठलंसं खेडं. साडूभाऊंनी तक्त्यावरून बोट फिरवलं, एका चौकोनावर थांबवलं आणि म्हणाले, "तिसरी रेजिमेंट. आत्ता जेवणाची वेळ आहे. बटाटे सोलत असतील." बाई हसल्या आणि रडल्याही. छत्री तशीच राहिली. पण मैत्रेयी त्या दिवसापासून बापाच्या फौजेबद्दल एक शब्द बोलेनाशी झाली. एरवीही ती मराठीला जर्मनमध्ये उत्तर द्यायची. या विषयावर तेही बंद.

आणि अशात फोरमवर लढाई ठरली. मंडळी नुसत्या कवायतींना कंटाळली होती. मतदान झालं, साडूभाऊ सोडून सगळ्यांनी हात वर केला. सगळ्यांत उत्साही होते फोरमचे प्रमुख, हॅनोव्हरचे एक निवृत्त रेल्वेवाले आजोबा, ज्यांना साडूभाऊ चीफसाहेब म्हणत. आजोबांना कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. त्यांनी सैन्य सीमेवर नेणाऱ्या आगगाड्यांचं टाइमटेबल बनवलं होतं, आणि ते एकदा धावताना बघायचं होतं. लढाई त्यांना शेवटचं स्टेशन म्हणून हवी होती. त्या दिवशी साडूभाऊंचा मला फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात काही झालं. "अहो, माणसं मागताहेत," ते म्हणाले. "काहून देऊ मी? आत्ताच तर त्यांची बुटं नीट झाली."

पण माणूस कन्सल्टंट होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोरमवर जाहीर केलं, की चार रेजिमेंटची डिव्हिजन आता जुनी झाली, ती तीन रेजिमेंटची करायला घेतली आहे, पुनर्रचना पूर्ण होईपर्यंत सैन्य हलवता येणार नाही. मला म्हणाले, "ज्या खात्याची पुनर्रचना चालू असते, त्याच्याकडून कुणी कामाची अपेक्षा करत नाही. हे मी पगार घेऊन शिकलोय." हॅनोव्हरचे आजोबा हबकले, कारण डिव्हिजन बदलली की तिला लागणारे डबे बदलतात, डबे बदलले की गाड्या बदलतात, आणि गाड्या बदलल्या की सगळं टाइमटेबल नव्याने आखायचं. त्यांनी ते आखलं. कित्येक महिने लागले. ज्या दिवशी त्यांनी 'तयार' म्हणून कळवलं, त्याच दिवशी साडूभाऊंनी प्रत्येक डिव्हिजनला पावाची एकेक भट्टी वाढवली. आजोबा पुन्हा बसले. पुढच्या वेळी घोड्यांचे डॉक्टर वाढले. त्याच्या पुढच्या वेळी बँड. एकेका बासरीवाल्यापायी या माणसाने युद्ध वर्षवर्ष लांबवलं. आजोबांची पत्रं येत, 'अत्यंत आदरणीय' अशी सुरू होणारी आणि दातओठ खात लिहिलेली; साडूभाऊ त्यांना तितक्याच आदराने उत्तर देत आणि शेवटी एक नवी तुकडी जोडत. अशी पाच वर्षं गेली. फोरमवरचे बाकीचे लोक या दोघांचं भांडण बघायलाच येत असावेत.

मग एक पत्र आलं, त्यात आदरणीय नव्हतं. आजोबांनी लिहिलं होतं, की त्यांची दृष्टी जात चालली आहे. या खेपेचं टाइमटेबल पूर्ण झालं आहे. आणखी एक बदल झाला तर ते आता आखू शकणार नाहीत. 'मला हे एकदाच धावताना बघायचं आहे. डोळे आहेत तोवर.' ते पत्र घेऊन साडूभाऊ हॅनोव्हरला माझ्याकडे आले. ताईंना ऑफिसचं काम होतं, म्हणून मैत्रेयीला बरोबर आणलं होतं. कानात गाणी घालून ती कोपऱ्यात बसून राहिली. रात्री ते जेवले नाहीत. एका बाजूला म्हातारा आणि एका बाजूला काही लाख माणसं, सगळी त्यांनी स्वतः जेवूखाऊ घातलेली. मी म्हटलं, "अहो साडूभाऊ, ती खरी नाहीयेत." ते म्हणाले, "म्हातारा खरा आहे ना. म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आजोबांकडे गेलो. एकटा जीव, रुळांच्या कडेची खोली, आणि जेवणाच्या टेबलावर पसरलेला तो कागद. मला वाटलं होतं आकड्यांचे रकाने असतील. होत्या त्या तिरप्या रेघा, एकमेकींना न आदळता ओलांडून जाणाऱ्या, हजारो. प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी. इतकं सुंदर काही मी कुठल्याही ऑफिसात पाहिलेलं नाही. आजोबांनी नाक कागदाला टेकवून एक रेघ शोधली आणि म्हणाले, "तुमची पहिली गाडी. आज दुपारी सुटू शकते. तुम्ही फक्त 'तयार' म्हणायचं." साडूभाऊंनी त्या रेघेवरून बोट शेवटापर्यंत नेलं आणि परत आणलं. मग त्यांनी विचारलं, "चीफसाहेब, या गाड्या उलट्या धावतात का?"

आजोबांना राग आला. "रेल्वेच्या गाड्या दोन्ही बाजूंना धावतात," ते ताठ होऊन म्हणाले.

"मग सीमेवर नको. यांना सुट्टी देऊ या. सगळ्यांना, एकाच दिवशी. छावणीतून आपापल्या घरी." साडूभाऊ पुढे म्हणाले, "माझे वडील फौजेत होते. त्यांची लढाई मी कधी बघितली नाही. सुट्टी बघितलीय. कामठीच्या स्टेशनवर काळी ट्रंक घेऊन उतरायचे. आम्ही भावंडं ट्रंकेला लोंबकळत घरी जायचो. फौज म्हणजे काय, हे मला तेवढंच माहीत आहे."

आजोबांनी पेन्सिल उचलली. दिसत नव्हतं म्हणून वाचून दाखवायला माणूस हवं होतं, आणि माझे जर्मन उच्चार त्यांना सहन होईनात. तेव्हा कोपऱ्यातून मैत्रेयी उठली, कानातलं काढलं आणि कागदाशी येऊन उभी राहिली. ती स्टेशनांची नावं वाचत गेली, आजोबा घड्याळाची वेळ सांगत गेले, आणि साडूभाऊ कोण उतरलं ते सांगत गेले: पहिल्या रेजिमेंटचे लोहार, तोफखान्याचे दोघे भाऊ, बँडमधला तो बासरीवाला. दुपार अशी गेली. एका जंक्शनवर तीन मिनिटांचा उशीर झाला. "बघा!" आजोबा टेबलावर हात आपटून ओरडले, "तुमच्या त्या भट्ट्या!" इतका आनंदी ओरडा मी क्वचितच ऐकला असेल. कासेलच्या पुढच्या एका छोट्या स्टेशनावर मैत्रेयी थांबली. तिने बापाकडे पाहिलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, लेनाचे पणजोबा उतरले." पुढच्या दोन्ही स्टेशनांवर साडूभाऊंनी एकच लोहार उतरवला.

शेवटची गाडी पोचली तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. आजोबा खुर्चीत मागे रेलून बसले होते, डोळे मिटून. सैन्य सुट्टीवरून परत कधी बोलवायचं असं मी निघताना विचारलं. ते म्हणाले, "तो हुकूम मी काढायचा असतो. बघू. घाई काय आहे?"

पुढचा वसंत यायच्या आत ते गेले. हुकूम निघाला नव्हता. फोरमवर कुणीतरी विचारलं, आता पुढे काय. साडूभाऊंनी लिहिलं, की सैन्य सुट्टीवर आहे आणि परत बोलावण्याचा अधिकार फक्त चीफसाहेबांना होता. हळूहळू मंडळी पांगली. साडूभाऊंनी भिंतीवरचे तक्ते उतरवले. खिळे तेवढे राहिले. ताईंनी तिथे घड्याळ लावायचं म्हटलं तर म्हणाले, राहू दे. समोर तथागत अजून अर्धे डोळे मिटून त्या रिकाम्या भिंतीकडे बघत असतात.

त्या वर्षी आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच वेळी नागपूरला होतो. दर दोन वर्षांनी तीन आठवडे, परतीचं तिकीट आधीच काढलेलं. निघायच्या दिवशी विमानतळावर साडूभाऊंचे वडील सोडायला आले, ऐंशीच्या घरातले, अजून ताठ. बॅगा गाडीवर चढवताना म्हातारे लेकाचा दंड धरून म्हणाले, "रजा वाढवून नाही का रे मिळत? आमच्या वेळी तार केली की मिळायची कधीकधी."

साडूभाऊ हसले. मला ते हसू बघवलं नाही.

"नाही हो बाबा," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसातला चीफ जिवंत आहे."

वडिलांना काहीच कळलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि लेकाची बॅग दारापर्यंत स्वतः ढकलत नेली.